सातावर बसलेला माणूस

माझ्या कॅल्क्युलेटरच्या सातावर
माझा नवरा येऊन बसतो.

म्हणजे त्याचा चेहरा. वाटोळा, नखाएवढा,
तीन वर्षांपूर्वीचा, मिशी असतानाचा.
शाम्पूच्या सहा पुड्या, माडाच्या शिरक्याची बाटली,
सुकी मासळी, एक सुटी सिगरेट,
बेरीज करायला घ्यावी
आणि टुण्‌कन
तिकडे एर्नेलचं जहाज बुसानला लागतं,
धक्क्यावरचं वायफाय त्याला सापडतं,
आणि तो इथे, गुइमारास बेटावर, माझ्या दुकानात,
थेट सातावर.

"निम्फा, किती झाले?" पुरिंग विचारते.
थांब बाई, माणूस हलवू दे.

अंगठ्याने सरकवला की तो कडेला जाऊन चिकटतो
अर्धा आत, अर्धा बाहेर,
उधारी मागायला आलेला दारात उभा राहतो तसा.
मागोमाग जेद्दाहची नणंद येते, मग मुलीच्या वर्गशिक्षिका,
मग रिचार्जवाला तो, ज्याचं नाव मला आठवत नाही.
एकाला ओढलं की सगळे मागून येतात,
बदकाची पिल्लं जशी.

नको असेल कोणी, तर खाली न्यायचं.
तळाला फुली उघडते.
जवळ नेलं की पुढचं काम ती स्वतःच करते,
माणूस गिळते.
भावाच्या होडीला इंजिन घेऊन दिलं त्याने, मला न विचारता,
त्या रात्री मी एर्नेलला तीनदा फुलीत टाकला.
तीनदा वर आला.
जेवलीस का?
छत गळतं का अजून?
जेवलीस का?
खलाशीच तो. बुडतोय कशाला.

पण जहाज बंदर सोडतं तेव्हा
चेहरा राहतो आणि माणूस जातो.
तेवीस दिवस तो तसाच कडेला होता, मुका.
मी वीजबिल भरलं, तो होता.
डुकराचं मटण मऊ कसं शिजवावं ते पाहिलं, तो होता.
कोणा बाईच्या नाचावर एकटीच हसले,
तेव्हाही होता, आणि मला जरा लाज वाटली.

नोव्हेंबरात वादळ उठलं.
नकाशावर पांढरा भोवरा, मधोमध डोळा,
आणि नकाशा मोठा करायला गेले तर
एर्नेल
बरोबर डोळ्यावर.

मुलगी झोपली होती. पत्रा वाजत होता.
मी त्याला बोटाने दक्षिणेकडे ओढला,
बोर्निओच्याही खाली, जिथे समुद्र निळा दाखवतात.
सोडला की तो उसळून पुन्हा कडेला जायचा.
पुन्हा ओढला. पुन्हा.
चार्ज अकरा टक्के उरला तेव्हा
बोट तसंच दाबून धरलं, सोडलंच नाही.
मला माहीत आहे, जहाज बोटाने हलत नाही.
पुरिंगलासुद्धा हे सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत तो आला. मिशी काढलेली.
मुलगी दोन दिवस त्याच्याकडे कोपऱ्यातून बघत होती.
आता दुकानात स्टूल टाकून बसतो,
नेमका शिरक्याच्या बाटल्यांसमोर.
गिऱ्हाइकाने शिरका मागितला
की मी त्याला कोपराने सरकवते,
तो थोडा दाराकडे सरकतो,
अर्धा आत, अर्धा बाहेर,
आणि माझं काम झालं की हळूच जागेवर.
बोलत फारसा नाही. समोर असला की
काय विचारायचं ते त्याला सुचत नाही.
काल मागच्या खोलीतून एकदा ओरडला, "जेवलीस का?"
दुपारचे तीन वाजले होते.

सात रिकामा आहे.
तरी अंगठा आधी तिथे जातो,
काहीतरी बाजूला सारतो,
मग आकडा दाबतो.
त्यात आज सात दोनदा उमटला
आणि सात पेसोच्या मिठाचे मी सत्त्याहत्तर सांगितले.

पुरिंग कमरेला हात लावून उभी राहिली.
स्टुलावर कोणीतरी हसलं.